अकीकाचे आठ आकडे

जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन हे गाव अकीकावर, म्हणजे अ‍ॅगेट या रत्नाच्या दगडावर वाढलं. तिथल्या डोंगरातला दगड संपत आला तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, गावाने ब्राझीलहून अकीक आणायला सुरुवात केली आणि पैलू पाडण्याचा धंदा टिकवून धरला. त्या गावातल्या एका लहान कारखान्याने आमच्याकडे गुजरातेतल्या, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा दगड मागितला. भावताव आतेभावाने केला. कागदांचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इथल्याच, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून भूशास्त्र शिकले आहे आणि दगडाविषयी कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं ते मीच, असं आमच्या घरात ठरून गेलेलं आहे.

मागणीत मालाच्या चार तऱ्हा होत्या. भट्टीतून निघालेले अखंड गोटे. करवतीने कापलेल्या, पण न घासलेल्या चकत्या. गुजरातेतल्याच खंभातच्या कारागिरांनी ठोकून आकाराला आणलेले, अजून सहाणेवर न गेलेले मणी. आणि एका बाजूने पॉलिश केलेल्या, कडेची साल राखलेल्या चकत्या. शेवटी एक ओळ: सगळ्याला एकच कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) लावा, म्हणजे आम्हाला सोपं जाईल.

तिथेच मी थांबले. दगड एकच आहे म्हणून कोडही एकच, हे आमच्या धंद्यात पुष्कळजण धरून चालतात. बिलावर ‘अ‍ॅगेट स्टोन’ एवढं लिहायचं आणि मागच्या वेळचा कोड उतरवायचा. माल सुटतोही. पण कस्टम्स दगडाचं नाव विचारून थांबत नाही. त्या दगडावर माणसाच्या हाताने काय काय झालंय आणि पुढे त्याचा उपयोग काय, हे त्याला हवं असतं. २०११ पासून आपल्याकडे स्वयं-निर्धारण आहे. कोड कोणता, दर कोणता, हे माल पाठवणारा किंवा मागवणारा स्वतः जाहीर करतो. सही आपली, मग जबाबदारीही आपली. म्हणून मी टॅरिफ, म्हणजे या कोडांची आणि दरांची यादी, मुळापासून वाचायला घेतलं.

आधी दगडाविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका थरावर थर साचत गेली आणि अकीक झाला. पुढे बेसॉल्ट झिजला. हे गोटे नद्यांनी वाहून नेले आणि भरूच जिल्ह्यात झगडियाकडे, बाबाघोरच्या टेकडीच्या परिसरात, गोट्यांच्या थरांत गाडले गेले. भूशास्त्रात त्या थरांना बाबागुरू फॉर्मेशन म्हणतात. खाणकरी खड्डे खोदून तो दगड काढतात. तो महिनोन्महिने उन्हात पसरतात, मग मातीच्या भांड्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाचा रंग उष्णतेने बदलतो आणि मातकट पिवळा गोटा तांबडा होतो. लोथलच्या मणिकारांच्या भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दींच्या एका मार्गदर्शिकेत उज्जैनकडचे असे दगड भरूच बंदरातून जहाजावर चढत असल्याची नोंद आहे. निर्यातीचा हा धंदा इथे दोन हजार वर्षं तरी चालू आहे.

आता टॅरिफ. जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टीम १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा आकडे सगळ्या सदस्य देशांत सारखेच असतात. पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, चार म्हणजे हेडिंग, सहा म्हणजे उपशीर्षक. त्यापुढचे दोन आपले स्वतःचे, म्हणून आपल्याकडे कोड आठ आकडी. जर्मन गिऱ्हाइकाशी माझं जमायला हवं होतं ते सहा आकड्यांपुरतं. शेवटचे दोन त्यांच्याकडे वेगळे असले तरी बिघडत नाही, हे त्यांना आधीच कळवून टाकलं.

वाचायला बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात पक्का केला तो अर्थ लावण्याचा पहिला सर्वसाधारण नियम. चॅप्टरची नावं फक्त संदर्भापुरती असतात. वर्गीकरण ठरतं ते हेडिंगच्या मजकुरावरून आणि सेक्शन व चॅप्टरच्या टिपांवरून. या टिपा लोक वाचत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. पोर्टलवर ‘अ‍ॅगेट’ टाकून शोधलं की कोड समोर येतो, टिपा येत नाहीत. आणि निकाल टिपांत दडलेला असतो.

माझ्यासमोर चार हेडिंगं होती. २५०६ म्हणजे क्वार्ट्झ. रसायनशास्त्र विचारलं तर अकीक हा क्वार्ट्झच, सूक्ष्म स्फटिकांचा. ७१०३ म्हणजे हिऱ्याखेरीजची मौल्यवान आणि अर्धमौल्यवान रत्नं. ७११६ म्हणजे रत्नांच्या वस्तू. आणि ९७०५ म्हणजे संग्रह आणि संग्राहकांसाठीचे नमुने, ज्यात खनिजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे नमुनेही येतात. पॉलिश चकत्यांसाठी गिऱ्हाइकाच्या मनात हे शेवटचं हेडिंग होतं.

२५०६ आधी बाजूला काढलं. चॅप्टर २५ ची दुसरी टीप मौल्यवान आणि अर्धमौल्यवान रत्नं त्या चॅप्टरमधून सरळ वगळते. मग प्रश्न उरतो तो अकीकाचा कोणता तुकडा रत्न आणि कोणता नुसता दगड, हा. हार्मोनाइज्ड सिस्टीमच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये चॅप्टर ७१ ला एक जोडपत्र आहे. त्यात खनिजांची शास्त्रीय नावं आणि त्यांची बाजारातली नावं दिली आहेत. अकीक, कार्नेलियन, जॅस्पर, सगळे त्यात आहेत. पण यादीत नाव असून भागत नाही. दागिन्यात वापरण्याजोग्या प्रतीचा दगडच या हेडिंगमध्ये बसतो. भेगाळलेला, रंग नसलेला, फक्त दळणाला किंवा बागेत पसरायला जाणारा अकीक परत चॅप्टर २५ कडे जातो.

चॅप्टर २५ ची पहिली टीपही मला महत्त्वाची वाटली. त्या चॅप्टरमध्ये कच्चा, धुतलेला, फोडलेला, दळलेला, चाळलेला माल येतो. भाजलेला माल, हेडिंगमध्येच तसं म्हटलेलं नसेल तर, येत नाही. आमचे गोटे भट्टीतून आलेले. मुख्य मुद्दा दुसऱ्या टिपेचाच, पण हा त्याला चांगला टेकू होता आणि मी तो फाइलमध्ये लिहून ठेवला.

भाजल्याने दगड ७१०४ मध्ये, म्हणजे कृत्रिम रत्नांत जातो का, असं आतेभावाने विचारलं. नाही जात. ७१०४ हे प्रयोगशाळेत तयार केलेल्या किंवा तुकडे जोडून पुन्हा बनवलेल्या दगडांसाठी आहे. निसर्गात तयार झालेल्या दगडाचा रंग आचेने खुलवला तरी तो नैसर्गिकच राहतो. फक्त उष्णता दिली आहे हे लपवायचं नाही, बिलावर लिहायचं.

मग ७१०३ च्या आतली वाटणी, आणि सगळ्यांत जास्त वेळ गेला तो इथे. ७१०३.१० मध्ये न घडवलेले, नुसते कापलेले किंवा ओबडधोबड आकार दिलेले दगड येतात. त्यापुढे काम झालेले ७१०३.९१ किंवा ७१०३.९९ मध्ये. माणिक, नीलम, पाचू ९१ मध्ये आणि बाकीचे ९९ मध्ये. रेघ नेमकी कुठे ओढायची, ते स्पष्टीकरणात्मक टिपा सांगतात. करवतीने कापणं, नैसर्गिक थरांवरून फोडणं, प्राथमिक आकार देणं, एवढं झालेला दगड १० मध्येच राहतो, कारण त्याचा आकार तात्पुरता असतो आणि पुढे काम होणार हे उघड दिसतं. पट्ट्यांच्या गोल, चौकोनी, षट्कोनी चकत्या केल्या तरीही चालतं, पण सगळे पृष्ठभाग आणि कडा खरखरीत, निस्तेज, पॉलिश न केलेल्या हव्यात.

हे वाचून मी खंभातला गेले. मणी ठोकतात कसे ते पुन्हा एकदा नीट पाहायचं होतं. मणी ठोकणाऱ्या चाचांनी बसायला पाट दिला. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकावर अकीकाचा तुकडा टेकवलेला, आणि हातात बांबूच्या काडीवर बसवलेली म्हशीच्या शिंगाची हातोडी. ठोका वरून पडतो, कपची मात्र खालच्या टोकाकडून उडते. पुरातत्त्वाचे अभ्यासक या पद्धतीचा अभ्यास करायला दूरदूरून खंभातला येऊन गेले आहेत.

“हे पुरं झालं म्हणायचं का, चाचा?” मी विचारलं.

“ना बेन,” ते म्हणाले, “अभी तो घिसाई बाकी, छेद बाकी, पॉलिश बाकी. ये तो सिर्फ घाट है.”

माझ्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या टिपेत मिळालं नसतं. मण्याला घाट आलाय, पण त्याची प्रत्येक कपची अजून निस्तेज आहे आणि पुढची तीन कामं डोळ्यांना दिसतात. ठोकलेले मणी ७१०३.१० मध्येच. मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले आणि काही मणी पाण्यात बुडवून काढले. ओला अकीक चमकतो आणि सुकला की लगेच मंद होतो. पॉलिश केलेला सुकल्यावरही चमकतो. तपासणीच्या वेळी दाखवायला हा फरक कामी येणार होता.

घिसाईचा विषय निघाला म्हणून हेही लिहिते. खंभातच्या घिसाई कामगारांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने यावर अभ्यास केले आहेत आणि त्या गल्ल्यांतल्या घराघरांत हे माहीत आहे. ओल्या पद्धतीने घासणं आणि धूळ ओढून घेणारं यंत्र, हे दोन्ही शक्य आहे. आम्ही पॉलिशचं काम फक्त तशी सोय असलेल्या ठिकाणी देतो. दर थोडा जास्त पडतो आणि तो दर मी गिऱ्हाइकाला कारणासह लिहून कळवते.

उरल्या एका बाजूने पॉलिश केलेल्या चकत्या. नुसती कापलेली नाही, म्हणून १० नाही. ९७०५ चा मोह मी टाळला. संग्राहकांचा नमुना म्हणजे त्या नगाला खनिजशास्त्राच्या दृष्टीने स्वतःचं काही महत्त्व हवं. सुंदर दिसणारी, शेकड्याने कापता येणारी चकती त्यात बसवणं मला पटलं नाही. ७११६ मध्ये तयार वस्तू येतात, जसे अकीकाचे खलबत्ते, वाट्या, मूर्ती. आमची चकती अजून कसलीच वस्तू झालेली नव्हती. तिकडे तिच्यातून लोलक कापले जाणार होते. म्हणून ७१०३.९९, आणि त्यात आपल्याकडच्या टॅरिफमधली अकीकाची ओळ. १० मध्येही अकीक, गार्नेट, चंद्रकांत म्हणजे फेल्डस्पार, यांना आपल्याकडे वेगवेगळ्या ओळी आहेत, त्यामुळे ‘इतर’मध्ये ढकलायची गरज पडली नाही.

आमचे सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारे मध्यस्थ, अहमदाबादचे. कायद्यात त्यांना आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, बोलण्यात अजून सीएचएच. चार तऱ्हांच्या चार ओळी पाहून ते म्हणाले, “बेन, एक लाइन करी नाखो. झटपट थई जशे.” त्यांचा अनुभव दांडगा आहे आणि ते माझं काम सोपं करायलाच सांगत होते. मी त्यांना विचारलं, “भाई, साहेबांनी पेटी उघडली आणि कच्च्या गोट्यांशेजारी पॉलिश चकती निघाली, तर?” ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “तो चार लाइन बराबर छे.” सीमाशुल्क कायदा १९६२ मध्ये माल आणि नोंद जुळली नाही तर माल जप्त होण्यापर्यंत तरतूद आहे, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बिलावरचं वर्णन आम्ही असं लिहिलं: नैसर्गिक अकीक, उष्णतासंस्कारित, न घडवलेले अखंड गोटे, दागिन्यांसाठी पैलू पाडण्यास योग्य. दुसऱ्या ओळीत: करवतीने कापलेल्या चकत्या, सर्व पृष्ठभाग न घासलेले. तिसरीत: ठोकून प्राथमिक आकार दिलेले मणी, छेद नाही, पॉलिश नाही. चौथीत: चकत्या, एक पृष्ठभाग पॉलिश केलेला. प्रत्येक ओळीचं वजन वेगळं, पेटी वेगळी, पेटीवर क्रमांक वेगळा.

बाकीचे कागद सरळ होते. आयात-निर्यात कोड पॅनवरच असतो. परकीय चलनाचा व्यवहार पाहणाऱ्या बँकेचा एडी कोड आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर अहमदाबाद विमानतळाच्या मालासाठी नोंदवला. जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र दिलं. बडोद्याजवळ दशरथला कंटेनरचा डेपो आहे, पण आमच्या मोजक्या पेट्या विमानानेच जाणार होत्या. अकीक २०१५ पासून गौण खनिजांत मोडतो, त्यामुळे खाणीवरून आलेल्या दगडाच्या रॉयल्टीची पावती सोबत ठेवली. लाकडी पेट्यांबद्दल मात्र सावध राहा. लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं हवं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं, आणि पेटीवर तो शिक्का हवा. दगड बिनचूक असून लाकडापायी पेटी परदेशात अडकू शकते.

एका बँकेतून किंबर्ली सर्टिफिकेट मागितलं गेलं, तिथे थोडा वेळ गेला. कच्चं रत्न म्हटलं की ते सर्टिफिकेट लागतंच, असा समज बराच पसरलेला आहे. २००३ पासून चालू असलेली ती योजना फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी आहे, म्हणजे ७१०२ मधल्या ठरावीक उपशीर्षकांसाठी. ७१०३ ला ती लागत नाही. लेखी उत्तर दिल्यावर विषय मिटला.

तपासणीला अधिकाऱ्यांनी नेमकी ठोकलेल्या मण्यांची पेटी उघडायला सांगितली. “याला तर आकार दिलाय, मग दहामध्ये कसं?” मी फोटो पुढे केले, टिपेचा उतारा दिला आणि दोन मणी त्यांच्या हातात ठेवले, एक आमचा आणि एक शेजारच्या दुकानातला पूर्ण झालेला. त्यांनी दोन्ही उजेडात फिरवून पाहिले, आमच्या मण्यावरून अंगठा फिरवला. मग चौथ्या ओळीची पेटी उघडवून पॉलिश चकत्या वेगळ्या जाहीर केल्या आहेत ना, ते तपासलं. त्या वेगळ्या आहेत हे पाहिल्यावर त्यांचा सूरच बदलला. लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निघायची परवानगी, त्याच दिवशी मिळाली.

नंतर आम्ही उलट्या दिशेनेही माल मागवला: झांबियाचा कच्चा अ‍ॅमेथिस्ट, आपल्याकडचा जमुनिया. इथे पैशाचा फरक लगेच दिसतो. ७१०३ च्या कच्च्या दगडावर आयजीएसटी ०.२५ टक्के, आणि तोच दगड २५०६ चा क्वार्ट्झ ठरला तर ५ टक्के. त्यातून फेसलेस असेसमेंट. २०२० पासून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा नोंदकागद, तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर दगड नसतो, असतात ते आपले शब्द आणि ई-संचित या ऑनलाइन सोयीवर चढवलेले कागद. स्क्रीनवर प्रश्न आला: माल नैसर्गिक असल्याचा आधार काय?

प्रश्न योग्यच होता. कृत्रिम जमुनिया बाजारात भरपूर आहे, आणि वक्रीभवनांक व घनता मोजून तो ओळखता येत नाही, कारण दोन्हीकडे आकडे तेच येतात. पैलू पाडलेल्या खड्यात फरक शोधायला चांगली प्रयोगशाळा लागते. कच्च्या मालात मात्र डोळ्यांना बरंच दिसतं. कृत्रिम स्फटिक बिनरंगी बीजपट्टीभोवती वाढवतात, तिची सपाट रेघ कच्च्या तुकड्यात राहते. आमच्या तुकड्यांना बुडाशी मूळ खडक चिकटलेला होता, टोकाकडे रंग गडद आणि पायाशी फिका होत गेलेला. मी जवळून फोटो काढले, प्रत्येकावर बाण काढून काय पाहायचं ते लिहिलं आणि पैलू पाडण्याजोगा भाग किती याची प्रतवारी जोडली. आदेश आला तो आधी माल पाहून मग निर्धारण करण्याचा. अहमदाबादला पेटी उघडली, नमुने पाहिले गेले, आणि ७१०३.१० कायम राहिलं. काही पोती मात्र आम्ही सुरुवातीपासूनच २५०६ मध्ये जाहीर केली होती: भेगाळ, जवळजवळ रंगहीन चुरा, जो प्रतवारीत रत्नात बसतच नव्हता. त्यावर ५ टक्के भरले. जास्त दराची ती ओळ आपणहून दिल्याने बाकीच्या ओळींवरचा विश्वास वाढला, असं मला तपासणीच्या वेळी स्पष्ट जाणवलं.

नव्याने हा धंदा करणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगते की दर शिपमेंटची फाइल ठेवा. कोणती टीप लावली, कोणतं हेडिंग का सोडलं, फोटो, प्रतवारी, अधिकाऱ्यांचा प्रश्न आणि आपलं उत्तर. हार्मोनाइज्ड सिस्टीम अधूनमधून सुधारते. २०२२ च्या आवृत्तीत ७१०४ आणि ९७०५ दोन्हींत नवी उपशीर्षकं आली. गेल्या वेळचा कोड तसाच उतरवण्याआधी ते हेडिंग पुन्हा वाचावं.

सध्या जर्मन गिऱ्हाइकाने नवी मागणी पाठवली आहे: छेद पाडलेले पण पॉलिश न केलेले मणी, वाहतुकीपुरते दोऱ्यात ओवलेले. पृष्ठभाग निस्तेज आहे, म्हणजे एक अट पाळली जाते. पण छेद हा प्राथमिक आकाराच्या पुढचा टप्पा आहे, असं माझं मत. आतेभावाला ते पटत नाही आणि सीएचए भाईंनी दोन्ही प्रकारे गेलेला माल पाहिला आहे. तात्पुरत्या ओवण्याचा उल्लेख ७१०३ च्या मजकुरातच आहे, पण तो प्रतवारी न केलेल्या दगडांपुरता, आणि आमचे मणी मापाप्रमाणे निवडलेले. अंदाजाने कोड लावायची माझी तयारी नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८एच खाली माल पाठवण्याआधीच वर्गीकरणाचा निर्णय मागता येतो आणि प्राधिकरणाला अर्जावर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. मुंबईला जाणारा तो अर्ज मी लिहिते आहे. चाचांनी त्यासाठी प्रत्येक टप्प्यावरचा एकेक मणी काढून दिला आहे आणि जर्मनीला मी कळवलंय की निर्णय येईपर्यंत हा माल निघणार नाही.